अमेरिकेतील कुटुंबाधारित स्थलांतर

अमेरिकेतील कुटुंबाधारित स्थलांतर ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या स्थलांतर कायद्यातील एक व्यवस्था आहे. तिच्याद्वारे अमेरिकेचा नागरिक अथवा स्थायी निवासी (ग्रीन कार्डधारक) आपल्या ठरावीक नातेवाइकांना कायम वास्तव्यासाठी त्या देशात बोलावू शकतो. या व्यवस्थेत अर्जाचा आरंभ परदेशी जाऊ इच्छिणारी व्यक्ती करीत नाही. तो अमेरिकेतील नातेवाइकाने करावयाचा असतो. त्याला याचिकाकर्ता आणि ज्याच्यासाठी याचिका केली जाते त्याला लाभार्थी म्हणतात. पती, पत्नी, आई-वडील, मुले आणि भावंडे एवढ्याच नात्यांना कायदा मान्यता देतो. त्यांपैकी काही नात्यांना संख्येची मर्यादा नाही, तर काहींना वार्षिक मर्यादेमुळे अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागते. भारतातील भावंडांच्या वर्गात ही प्रतीक्षा अठरा वर्षांच्याही पुढे गेलेली आहे. त्यामुळे या विषयात दोन गोष्टी निर्णायक ठरतात : कायद्याने केलेली कुटुंबाची व्याख्या आणि प्रतीक्षेच्या काळात कुटुंबात होणारे जन्म, विवाह, वयोवृद्धी व मृत्यू.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीयांना अमेरिकेत कुटुंब नेणे जवळजवळ अशक्य होते. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भूभाग ‘निषिद्ध क्षेत्र’ ठरविला आणि त्यात भारताचाही समावेश होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय व्यक्ती नागरिकत्वासाठी पात्र नाहीत, असा निर्णय दिला. कॅलिफोर्नियात शेतीवर राबणाऱ्या पंजाबी पुरुषांना यामुळे मायदेशातील पत्नीस आणता येईना. इम्पीरियल व्हॅली व आसपासच्या भागांत त्यांपैकी अनेकांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी विवाह केले आणि त्यातून पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांचा एक स्वतंत्र समाज उभा राहिला.

१९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. मात्र भारतासाठी वर्षाला अवघ्या १०० स्थलांतरितांचा कोटा ठेवण्यात आला. खरा बदल १९६५ च्या हार्ट-सेलर कायद्याने घडला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी त्यावर स्वाक्षरी केली. राष्ट्रीय मूळ पाहून कोटा देण्याची जुनी पद्धत त्याने रद्द केली आणि कौटुंबिक नात्यांना प्राधान्य दिले. हे प्राधान्य देण्यामागे प्रतिनिधी सभेतील स्थलांतरविषयक उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फिगन यांचा आग्रह होता. आधीच अमेरिकेत असलेल्यांचे नातेवाईक येतील, म्हणजे बहुतांशी युरोपीयच येतील, अशी त्यामागची अपेक्षा होती. प्रत्यक्षात युरोपातून येणाऱ्यांचा ओघ कमी झाला आणि आशिया व लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांचा वाढला.

१९६५ नंतर महाराष्ट्रातून गेलेल्या पहिल्या पिढीत अभियंते, डॉक्टर आणि उच्च शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. नोकरीच्या आधारे स्थायी निवास मिळाल्यानंतर त्यांनी प्रथम पत्नीस आणि नागरिकत्व मिळाल्यानंतर आई-वडिलांस व भावंडांस बोलावले. ठिकठिकाणची महाराष्ट्र मंडळे आणि १९८१ मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ यांच्या वाढीस अशा रीतीने जमलेल्या कुटुंबांचा हातभार लागला. सध्याची संख्यात्मक रचना मुख्यतः १९९० च्या स्थलांतर कायद्याने ठरविलेली आहे.

कायद्याच्या दृष्टीने कुटुंब

मराठी समाजात ‘घरचे’ या शब्दात आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी, सासू-सासरे, दीर, नणंद आणि सर्व प्रकारची भावंडे सहज सामावतात. अमेरिकेच्या कायद्यात यांपैकी बहुतेकांसाठी कोणताही वर्ग नाही. चुलत, मामे, आते व मावस भावंडांना मराठीत भाऊ-बहीणच म्हटले जात असले, तरी याचिकेसाठी दोन्ही भावंडांचा किमान एक पालक समान असावा लागतो. नाते सिद्ध करण्यासाठी दोघांचे जन्मदाखले द्यावे लागतात व त्यांवरील पालकांची नावे जुळवून पाहिली जातात.

सून सासू-सासऱ्यांसाठी याचिका करू शकत नाही. ती त्यांच्या नागरिक मुलालाच करावी लागते. दुसरीकडे कायदा मुलगा व मुलगी असा भेद करीत नाही. विवाहित मुलगी नागरिक असेल, तर ती आपल्या आई-वडिलांना मुलाइतक्याच अधिकाराने बोलावू शकते. म्हातारपणी मुलाकडेच राहावे या रूढ समजुतीला हा नियम छेद देतो.

दत्तक मूल सामान्यतः सोळा वर्षांच्या आत दत्तक घेतलेले आणि दोन वर्षे दत्तक पालकांच्या ताब्यात व सहवासात राहिलेले असावे लागते. सावत्र मुलाच्या बाबतीत, मूल अठरा वर्षांचे होण्यापूर्वी पालकाचा नवा विवाह झालेला असणे आवश्यक असते. केवळ प्रेमाने सांभाळलेला पुतण्या अथवा भाचा कायदेशीर दत्तकाशिवाय मूल ठरत नाही.

वर्गवारी

निकटचे नातेवाईक : नागरिकाचा पती किंवा पत्नी, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि आई-वडील यांचा या वर्गात समावेश होतो. आई-वडिलांसाठी याचिका करणारा नागरिक किमान २१ वर्षांचा असावा लागतो. या वर्गास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. प्रक्रियेस वेळ लागतो, परंतु रांग नसते.

प्राधान्य वर्ग : उरलेली मान्य नाती चार प्राधान्यांत विभागलेली आहेत.

पहिले प्राधान्य (एफ-१) : नागरिकाची २१ वर्षांवरील अविवाहित मुले. वार्षिक संख्या २३,४००.

दुसरे प्राधान्य (एफ-२) : स्थायी निवासी व्यक्तीचे पती, पत्नी व लहान मुले (एफ-२ए) आणि २१ वर्षांवरील अविवाहित मुले (एफ-२बी). वार्षिक संख्या १,१४,२००. त्यांपैकी ७७ टक्के एफ-२एसाठी राखून ठेवलेली असते.

तिसरे प्राधान्य (एफ-३) : नागरिकाची विवाहित मुले. वार्षिक संख्या २३,४००.

चौथे प्राधान्य (एफ-४) : २१ वर्षांवरील नागरिकाची भावंडे. वार्षिक संख्या ६५,०००.

या चार वर्गांची बेरीज २,२६,००० होते. वरच्या प्राधान्यात न वापरलेल्या जागा खालच्या प्राधान्यास मिळू शकतात. स्थायी निवासी व्यक्ती आई-वडील, भावंडे किंवा विवाहित मुले यांच्यासाठी याचिका करू शकत नाही. त्यासाठी आधी नागरिक व्हावे लागते. स्थायी निवास मिळाल्यावर नागरिकत्वासाठी साधारणतः पाच वर्षे, तर नागरिकाशी विवाह झालेल्यास तीन वर्षे थांबावे लागते. नोकरीच्या आधारे जाणाऱ्या भारतीयांना स्थायी निवासासाठीच दीर्घ रांगेत राहावे लागते. त्यामुळे आई-वडिलांचा वर्ग रांगेविना असला, तरी तेथपर्यंत पोहोचण्यास मुलास अनेक वर्षे लागतात. दरम्यान आई-वडिलांचे वय वाढत राहते.

अग्रक्रम दिनांक आणि रांग

याचिका ज्या दिवशी दाखल होते, तो दिवस लाभार्थ्याचा अग्रक्रम दिनांक ठरतो. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा ‘व्हिसा बुलेटिन’ नावाचे पत्रक प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक वर्गासाठी एक दिनांक दिलेला असतो. आपला अग्रक्रम दिनांक त्यापूर्वीचा असेल, तर पुढील कार्यवाही होऊ शकते. पत्रकातील दिनांक दरमहा एक महिन्याने पुढे सरकेल असे नाही. तो काही आठवडेच सरकतो, काही वेळा जागीच थांबतो आणि मागणी वाढल्यास मागेही जातो. म्हणून आजचा दिनांक पाहून उरलेल्या वर्षांचा हिशेब मांडणे फसवे ठरते.

कोणत्याही एका देशास कुटुंब व नोकरी या दोन्ही प्राधान्यगटांतील मिळून एकूण संख्येच्या सात टक्क्यांपेक्षा अधिक जागा सामान्यतः मिळत नाहीत. मागणी मोठी असलेल्या भारत, चीन, मेक्सिको व फिलिपिन्स या देशांचे दिनांक पत्रकात स्वतंत्र स्तंभांत दिले जातात. देश ठरविताना सध्याचे नागरिकत्व पाहिले जात नाही. जन्म कोठे झाला ते पाहिले जाते. पती-पत्नींचे जन्मदेश भिन्न असतील व दोघे एकत्र जात असतील, तर ज्या देशाची रांग लहान असेल त्या देशाचा लाभ दोघांनाही घेता येतो.

२०२४ च्या अखेरीस भारतीय भावंडांच्या वर्गात २००६ मध्ये दाखल झालेल्या याचिकांचा विचार चालू होता. याचा अर्थ, बहिणीने भावासाठी याचिका केली तेव्हा जे मूल बालवाडीत होते, ते क्रमांक येईपर्यंत महाविद्यालयातून बाहेर पडलेले असते.

मुलांचे वय आणि बाल दर्जा संरक्षण कायदा

प्राधान्य वर्गातील लाभार्थ्याचे पती किंवा पत्नी व २१ वर्षांखालील अविवाहित मुले त्याच्यासोबत जाऊ शकतात. प्रतीक्षा लांबल्याने मूल २१ वर्षांचे झाले, तर ते या हक्कास मुकते. यावर उपाय म्हणून ६ ऑगस्ट २००२ रोजी बाल दर्जा संरक्षण कायदा अमलात आला. त्यानुसार क्रमांक आल्या दिवशीच्या वयातून, याचिका मंजुरीविना जितके दिवस प्रलंबित होती तितके दिवस वजा केले जातात. उरलेले वय २१ पेक्षा कमी असल्यास मूल पात्र ठरते. क्रमांक आल्यापासून एका वर्षाच्या आत पुढील अर्जाची हालचाल करणे मात्र आवश्यक असते.

या सूत्राचा परिणाम एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होतो. याचिका दाखल झाली तेव्हा भावाची मुलगी चार वर्षांची होती आणि क्रमांक एकोणीस वर्षांनी आला. त्या वेळी ती तेवीस वर्षांची असेल. याचिकेच्या मंजुरीस चार वर्षे लागली असतील, तर तिचे हिशेबी वय एकोणीस ठरते व ती आई-वडिलांसोबत जाऊ शकते. मंजुरी सहा महिन्यांत मिळाली असेल, तर हिशेबी वय साडेबावीस ठरते आणि ती मागे राहते. कार्यालयाने कामाला लावलेला विलंब मुलास वाचवितो, तर रांगेतील विलंबाची काहीही भरपाई होत नाही.

अशा मुलांना पालकांचा जुना अग्रक्रम दिनांक पुढील वर्गात आपोआप मिळावा काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. २०१४ मध्ये क्युएलार दे ओसोरिओ खटल्यात न्यायालयाने शासनाचा संकुचित अर्थ कायम ठेवला. परिणामी भावंडांच्या वर्गातील वय उलटलेल्या मुलांना जुना दिनांक मिळत नाही. पालक तेथे स्थायी निवासी झाल्यावर त्यांनी मुलासाठी नवी याचिका करावयाची आणि मुलाने नव्या रांगेत शेवटी उभे राहावयाचे, एवढाच मार्ग उरतो.

विवाह, मृत्यू आणि बदलणारे वर्ग

रांगेत असताना लाभार्थ्याच्या वैयक्तिक जीवनातील घटना त्याचा वर्ग बदलतात. नागरिकाच्या अविवाहित मुलाने विवाह केला, तर तो पहिल्या प्राधान्यातून तिसऱ्यात जातो. त्याचा दिनांक टिकतो, परंतु रांग बहुधा अधिक लांब असते. स्थायी निवासी व्यक्तीच्या मुलाने विवाह केला, तर याचिकाच संपुष्टात येते, कारण स्थायी निवासी व्यक्तीच्या विवाहित मुलांसाठी वर्गच नाही. पालकास पुढे नागरिकत्व मिळाले, तरी आधीच रद्द झालेली याचिका पुनरुज्जीवित होत नाही. मुलीचे लग्न ठरविण्याच्या वयात हा नियम अनेक कुटुंबांपुढे कठीण निवड उभी करतो.

निकटच्या नातेवाइकांच्या वर्गात आणखी एक अडचण आहे. या वर्गात लाभार्थ्यासोबत इतर कोणी जाऊ शकत नाही. नागरिक मुलाने आईसाठी याचिका केली आणि तिच्याजवळ शाळेत जाणारी धाकटी मुलगी असली, तरी तिला आईच्या व्हिसावर नेता येत नाही. आईने प्रथम एकटीने जाऊन स्थायी निवासी व्हावे व नंतर मुलीसाठी दुसऱ्या प्राधान्यातून याचिका करावी, असा क्रम आहे.

याचिकाकर्त्याचा मृत्यू झाल्यास याचिका सामान्यतः रद्द होते. मानवतेच्या कारणास्तव ती पुन्हा चालू करण्याची विनंती करता येते. २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अमेरिकेत राहत असलेल्या लाभार्थ्यांना या बाबतीत अधिक संरक्षण मिळाले, तसेच नागरिकाच्या विधवेस किंवा विधुरास, विवाहास दोन वर्षे झालेली नसली तरी, स्वतःसाठी अर्ज करण्याची मुभा मिळाली.

अर्जाची प्रक्रिया

याचिका : याचिकाकर्ता अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे ‘आय-१३०’ हा अर्ज दाखल करतो. नात्याचा आणि स्वतःच्या नागरिकत्वाचा किंवा स्थायी निवासाचा पुरावा सोबत द्यावा लागतो. मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे. नाते मान्य झाले एवढाच तिचा अर्थ असतो.

राष्ट्रीय व्हिसा केंद्र : मंजूर याचिका न्यू हॅम्पशायर राज्यातील या केंद्राकडे जाते. क्रमांक जवळ आल्यावर शुल्क, ‘डीएस-२६०’ हा अर्ज आणि कागदपत्रे संगणकीय प्रणालीवर स्वीकारली जातात. क्रमांक आल्याची सूचना मिळाल्यानंतर वर्षभर काहीही हालचाल न केल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. दीड-दोन दशकांत घराचा पत्ता, दूरध्वनी व ई-मेल बदलणे स्वाभाविक असल्यामुळे प्रत्येक बदल केंद्रास कळविणे महत्त्वाचे ठरते.

आर्थिक प्रतिज्ञापत्र : ‘आय-८६४’ या अर्जाद्वारे याचिकाकर्ता लाभार्थ्याच्या भरणपोषणाची हमी देतो. त्याचे उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. ते कमी पडल्यास दुसरा प्रायोजक घेता येतो. ही हमी न्यायालयात अंमलात आणता येते. लाभार्थी नागरिक होईपर्यंत, त्याच्या खाती कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, तो कायमचा देश सोडेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत ती टिकते. घटस्फोटाने ती संपत नाही.

वैद्यकीय तपासणी व मुलाखत : भारतातील स्थलांतरित व्हिसांचे काम प्रामुख्याने मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात चालते. हा दूतावास २०११ मध्ये ब्रीच कँडी येथील लिंकन हाउसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात आला. मुलाखतीपूर्वी दूतावासाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून तपासणी व लसीकरण करून घ्यावे लागते. व्हिसा मिळाल्यास तो बहुधा सहा महिन्यांपर्यंत वैध असतो आणि त्या मुदतीत अमेरिकेत प्रवेश करावा लागतो. प्रवेशाच्या दिवसापासून लाभार्थी स्थायी निवासी ठरतो. कार्ड नंतर टपालाने येते. लाभार्थी आधीच कायदेशीररीत्या अमेरिकेत असेल, तर तो तेथेच ‘आय-४८५’ अर्जाने दर्जा बदलून घेऊ शकतो.

महाराष्ट्रातील कागदपत्रांचे प्रश्न

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेक ग्रामीण व्यक्तींकडे जन्मदाखला नसतो. अशा वेळी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा लागतो आणि दुय्यम पुरावा जोडावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना क्रमांक १४ म्हणजे कोतवाल बुकातील नोंद, तसेच जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे यांचा त्यासाठी उपयोग होतो. जुन्या नोंदी मोडीत असतील, तर प्रमाणित लिप्यंतर व भाषांतर लागते. मराठी कागदपत्रांना इंग्रजी भाषांतर जोडताना भाषांतरकाराने आपल्या क्षमतेचे व अचूकतेचे निवेदन द्यावयाचे असते.

नावांतील तफावत ही दुसरी मोठी अडचण आहे. महाराष्ट्रात मधले नाव वडिलांचे आणि विवाहानंतर पतीचे असते. अनेक घरांत लग्नात स्त्रीचे पहिले नावही बदलण्याची पद्धत होती. जन्मनोंदीत ‘सुशीला’, विवाहानंतर ‘सुमती’ आणि पारपत्रात तिसरेच शुद्धलेखन, अशी स्थिती आढळते. शासन राजपत्रातील नावबदल, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र यांद्वारे दुवा जोडावा लागतो. जुन्या जन्मनोंदींत अनेकदा मुलाचे नावच नसते. ते स्थानिक निबंधकाकडे नंतर नोंदवून घेता येते.

विवाहाच्या पुराव्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र हा मुख्य आधार असतो. महाराष्ट्रात विवाहमंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम १९९८ लागू आहे. आंतरधर्मीय व अन्य नोंदणी विवाह १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमान्वये होतात. लग्नपत्रिका, विधींची छायाचित्रे व उभयतांमधील संपर्काच्या नोंदी पूरक ठरतात. पारपत्र कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही घ्यावे लागते. कागदपत्रांनी नाते सिद्ध होत नसल्यास जनुकीय (डीएनए) चाचणी सुचविली जाते. ती ठरावीक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी लागते.

वैवाहिक याचिका

प्रवेशाच्या दिवशी विवाहास दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारा स्थायी निवास दोन वर्षांसाठी सशर्त असतो. ही तरतूद १९८६ च्या विवाहविषयक फसवणूक प्रतिबंधक दुरुस्त्यांनी आली. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत उभयतांनी मिळून ‘आय-७५१’ अर्ज करावयाचा असतो. घटस्फोट किंवा छळ झाल्यास एकट्यानेही अर्ज करता येतो. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्यानुसार छळ सोसणारी पत्नी, पती किंवा मूल याचिकाकर्त्याच्या नकळत स्वतःसाठी याचिका करू शकते. भारतातून विवाह करून गेलेल्या व एकाकी पडलेल्या स्त्रियांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे, कारण पतीने व्हिसाची भीती घालणे हे अशा छळाचे नेहमीचे साधन असते. भारतात अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष काम करतो.

नियोजित वधू किंवा वरासाठी नागरिकास ‘के-१’ व्हिसाची याचिका करता येते. प्रवेशानंतर ९० दिवसांत विवाह करणे बंधनकारक असते. याचिका दाखल करण्यापूर्वीच्या दोन वर्षांत उभयतांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते; दृढ सामाजिक रूढीमुळे विवाहापूर्वी भेट निषिद्ध असल्याचे सिद्ध केल्यास सूट मिळू शकते. ठरवून केलेला विवाह कायद्याने संशयास्पद ठरत नाही. ओळख अल्पकाळाची असली, तरी संसार करण्याचा हेतू खरा असणे एवढीच कसोटी आहे. समलिंगी जोडप्यांच्या विवाहांनाही २०१३ च्या विंडसर खटल्यानंतर समान मान्यता मिळाली.

तात्पुरते मार्ग

कामासाठी किंवा शिक्षणासाठी गेलेल्यांच्या पती-पत्नी व मुलांना अवलंबितांचे व्हिसा मिळतात. ‘एच-१बी’ धारकासोबत ‘एच-४’, कंपनीअंतर्गत बदलीवर गेलेल्यासोबत ‘एल-२’ आणि विद्यार्थ्यासोबत ‘एफ-२’ असे त्यांचे प्रकार आहेत. मे २०१५ पासून काही एच-४ धारक पती-पत्नींना नोकरीची परवानगी मिळते. मुलांना मात्र २१ व्या वर्षी हा दर्जा सोडावा लागतो.

आई-वडील पुष्कळदा ‘बी-२’ या अभ्यागत व्हिसावर जातात. तो भारतीयांना सामान्यतः दहा वर्षांसाठी मिळतो. एका खेपेस बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. अर्जदार मायदेशी परतेल अशी खात्री अधिकाऱ्यास पटवून द्यावी लागते. स्थलांतराची याचिका प्रलंबित असल्यास अर्जात तसे नमूद करणे आवश्यक असते आणि तिचा निर्णयावर परिणाम होऊ शकतो.

स्थायी निवास घेतलेल्या वृद्धांपुढे वेगळे प्रश्न असतात. वर्षाहून अधिक काळ भारतात राहिल्यास निवासाचा हक्क धोक्यात येतो. दीर्घ वास्तव्यासाठी आधी पुनःप्रवेश परवाना काढावा लागतो. ६५ वर्षांवरील नव्या स्थायी निवासींना पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर शुल्क भरून मेडिकेअर विमा घेता येतो. तोवर उपचारांचा भार कुटुंबावर असतो. त्यामुळे अनेक ज्येष्ठ नागरिक हक्क असूनही ग्रीन कार्ड न घेता अभ्यागत व्हिसावर ये-जा करणे पसंत करतात.

नकार आणि न्यायालयीन दाद

कागदपत्रे अपुरी असल्यास कलम २२१(जी) अन्वये तात्पुरता नकार दिला जातो. पूर्तता झाल्यावर अर्ज पुढे जातो. खोटी माहिती किंवा बनावट दाखला आढळल्यास मात्र कायमची अपात्रता येऊ शकते. म्हणून सदोष खरा दाखला खुलाशासह देणे हे नवा ‘सोयीचा’ दाखला मिळविण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित असते.

दूतावासातील अधिकाऱ्याच्या निर्णयात न्यायालये सहसा हस्तक्षेप करीत नाहीत. २०२४ मध्ये मुनोझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, परदेशी जोडीदारास देशात प्रवेश मिळावा असा नागरिकाचा घटनात्मक मूलभूत हक्क नाही, असे स्पष्ट केले. कुटुंबास एकत्र राहण्याची ही सवलत संसदेने दिलेली आहे, ही बाब या निर्णयाने अधोरेखित झाली.

वाद आणि सुधारणेचे प्रस्ताव

विरोधक या व्यवस्थेस ‘साखळी स्थलांतर’ म्हणतात. एक व्यक्ती आली की तिच्यामागे अमर्याद नातलग येतात आणि कौशल्याचा विचार होत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. १९९५ मध्ये बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने भावंडांचा वर्ग रद्द करण्याची शिफारस केली होती. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलेल्या विधेयकातही तशी तरतूद होती. प्रतिनिधी सभेने ते विचारात घेतले नाही. २०१७ च्या ‘रेझ’ विधेयकात केवळ जोडीदार व अल्पवयीन मुलांना प्राधान्य ठेवण्याचा प्रस्ताव होता.

समर्थकांच्या मते नातलगांचा आधार असलेला स्थलांतरित लवकर स्थिरावतो; मुलांचा सांभाळ, छोटे व्यवसाय आणि आजारपण यांत कुटुंबच उपयोगी पडते. दीड-दोन दशकांची रांग असताना साखळी ‘अमर्याद’ म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही, असेही ते दाखवून देतात.

व्यवस्थेची नाजूकता कोविड-१९ च्या साथीत दिसून आली. मार्च २०२० मध्ये दूतावासांतील नेहमीची व्हिसा-सेवा थांबली. एप्रिल २०२० च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने नागरिकांचे जोडीदार व लहान मुले वगळता बहुतेक कौटुंबिक वर्गांना व्हिसा देणे स्थगित केले. ही स्थगिती २४ फेब्रुवारी २०२१ रोजी उठली. त्या काळात न वापरलेल्या कौटुंबिक जागा कायद्यानुसार पुढील वर्षी नोकरीच्या वर्गांकडे वळल्या आणि त्या वर्गांची वार्षिक मर्यादा १,४०,००० वरून सुमारे २,६२,००० पर्यंत गेली. रांगेत थांबलेल्या कुटुंबांना त्या जागा परत मिळाल्या नाहीत; त्यांची प्रतीक्षा तेवढ्याने लांबली.